खुशालीचा फोन

परदेशातल्या पुलावर सहलीला आलेल्या कॉलेजच्या मैत्रिणी फोटो काढत होत्या. राजनंदिनी कठड्याला टेकून काळ्या पाण्याकडं बघत होती. कोरेगावहून आईचा फोन आला. "कसं चाललंय?" "सगळं ठीक हाय. काळजी करू नगंस." आई सावध झाली. एरवी पोरगी हॉटेलच्या चहापासून रूममेट मायाच्या घोरण्यापर्यंत सगळ्याला नावं ठेवल्याशिवाय फोन ठेवत नसे. "तुजा फौजी बाप गोळीबार चालू असतानाबी हेच बोलायचा. मला फसवतीस व्हय?" राजनंदिनी पुटपुटली, "आई, मला जगावंसंच वाटंना." आईनं आवाज कापू दिला नाही. "मायाला फोन दे." माया खिदळत आली. "काकू, पोरगी लय गुणाची वागतीया तुमची!" "म्हणूनच सांगती. हिचा हात धर. तुमी परत आल्यावर मी विमानतळावर भेटंपर्यंत सोडू नगंस." मायाचं हसू विरलं. तिनं फोन खाली टाकून राजनंदिनीचा हात धरला. फोनमधून आई ओरडत राहिली, "धरलास का?"