भावना कमी

सलोनीच्या ‘मेरी दादी’ निबंधाला दहापैकी चारच मिळाले, वर मॅडमचा शेरा: भावना कमी. सांगलीत तीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळून चंदीगडला मुलाकडे आलेल्या शोभनाआजींच्या हे फारच जिव्हारी लागलं.

“परत लिही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे!”

“पक्का, आजी,” म्हणून सलोनी दार लावून बसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मॅडम पांढरी ओढणी घेऊन, रडवेल्या चेहऱ्याने घरी आल्या. दार आजींनीच उघडलं.

“मैं सलोनी की दादी. आइए.”

मॅडम चपलांच्या स्टँडवरच बसल्या. आजींनी त्यांच्या हातातला निबंध उभ्याउभ्या वाचला, स्वतःच्या तेराव्यापर्यंत पोचल्यावर पदराने डोळे टिपले आणि विचारलं,



“अब कितने दिए?”