वैनगंगा कुठं मिळते

सोमवारी मैनाच्या इतिहासाच्या गृहपाठात तिच्या आईला, लीलाला, सात चुका सापडल्या.

"अठराशे सत्तावन्नचा उठाव अठराशे पंच्याहत्तरला?" लीलानं विचारलं. "काहून गं?"

"चुकलं," मैना म्हणाली. ती भातात वरण कालवत होती. तिनं वर पाहिलं नाही.

पोर आठवीत होती. मार्चमध्ये मिडिल बोर्डाची परीक्षा. चैतराम गुरुजींचा निरोप आला होता : या आठवड्याचा गृहपाठ शुक्रवारी तपासायला घेईन आणि शनिवारी ठरवीन, कोणाचा फॉर्म भरायचा. हिरालालनं निरोप ऐकला आणि बायकोला एवढंच म्हणाला, "फॉर्म नाही भरला तं शाळा बंद. मंग मले काही सांगू नको."

हिरालाल भरवेलीच्या खाणीत हजेरी लिहायचा. एकदा बोलला की बोलला. शाळा बंद झाल्यावर तेरा वर्षांच्या पोरीचं पुढं काय होतं, ते लीलाला कोणी सांगायला नको होतं. ती स्वतः नागपूरच्या कॉलेजात शिकली. इंटरचा निकाल लागायच्या आधी तिचं लग्न लागलं. पुस्तकं अजून ट्रंकेत होती, धानाच्या कोठीमागं.

मंगळवारी सकाळी विहिरीवर शेजारच्या दुर्गाबाई भेटल्या.

"तुमची मैना कशी खडाखडा वाचते वो! शनिवारी तुम्ही बाजारात गेलत्या, तवा लामत्याहून चिठ्ठी आली. हिरालालभाऊचा चष्मा ऑफिसातच राह्यलता. मंग पोरीनंच वाचून दाखवली. भिंतीआडून शब्द नाही समजले, पण कुठं अडली म्हणून नाही. शेवटी शेवटी आवाज बसला तिचा. सर्दी झाली असन."

चिठ्ठीबद्दल लीलानं तेव्हाच विचारलं होतं. "लामत्याच्या ओळखीच्या महागूजीची आहे. यंदाच्या धानाचं लिवलं," असं हिरालाल म्हणाला होता.

त्या संध्याकाळी भूगोल होता. मैनानं मध्य प्रदेशाचा नकाशा काढला आणि राजधानी नागपूर लिहिली. लीलानं स्वतःलाच दोष दिला. राजधानी भोपाळला जाऊन बारा वर्षं होत आली, पण घरात नागपूर-नागपूर कोण करत असतं? आपणच. खाली एक ओळ होती : वैनगंगा नदी नर्मदेला मिळते.

"मैना, या नदीवर आपण धुणं धुतो गं."

"लक्षात नाही राहात, आई."

"भीती वाटते का परीक्षेची?"

मैनानं मान डोलावली. "हौ."

बुधवारी लीला अंगणात तांदूळ निवडत बसली होती. दुर्गाबाईंची शांता सहावीत होती. ती भिंतीवरून ओरडली, "मैनाताई, आपली राजधानी कोणती वो?"

"भोपाळ. पागल, एवढं नाही येत?"

लीलाचा हात सुपात थांबला. म्हणजे येतं हिला. येतं, पण वही समोर आली की सुचत नाही. तिला स्वतःची इंटरची परीक्षा आठवली. घरी दाराबाहेर मांडवाचे बांबू येऊन पडले होते आणि परीक्षेत तिला येत असलेलं एकही उत्तर लिहिता येत नव्हतं.

गुरुवारी नागरिकशास्त्र. मैनानं लिहिलं, ग्रामपंचायतीचा प्रमुख कलेक्टर असतो. निबंधाचा विषय 'माझे घर' होता. त्या पानावर नुसतं शीर्षक होतं. खाली पेन्सिलीनं काहीतरी लिहून खोडलेलं. कागद तिथं पातळ झाला होता.

रात्री जेवताना हिरालालनं विचारलं, "कसा चालला अभ्यास?"

"चांगला," लीला घाईनं म्हणाली.

मैनानं पाण्याचा लोटा उचलला आणि परसात निघून गेली.

शुक्रवारी पहाटे लीला उठली. शेगडीजवळ कंदील ठेवला, कोरी वही घेतली. मैनाचं अक्षर डावीकडं कलायचं, 'ग'ची काठी आखूड असायची. हे सगळं तिला पाठ होतं. तिनंच तर हात धरून गिरवून घेतलं होतं. आठवड्याचा सगळा गृहपाठ तिनं नव्यानं लिहिला. मधूनमधून दोन-चार चुका ठेवल्या, संशय नको म्हणून. निबंध लिहिताना दोनदा डोळे पुसले. मग जुन्या वहीचा खाकी पुठ्ठा काढून नवीला घातला. जुनी वही चुलीत गेली.

मैना पिशवी उचलून शाळेत गेली. तिला काही कळलं नाही.

शनिवारी दुपारी ती परत आली ती पायरीवरच बसली. मांडीवर वही उघडी होती. शेवटच्या पानावर गुरुजींनी 'उत्तम' लिहिलं होतं.

"आई, हे तू लिहिलंस?"

"कोणाला बोलू नको. फॉर्म भरला ना?"

"भरला."

लीलानं तिचं डोकं पोटाशी धरलं. पोरीचं अंग ताठ होतं, लाकडासारखं. "आता नाही कोणी तुझी शाळा बंद करत," लीला म्हणाली. मैना उठून आत चुलीपाशी जाऊन बसली.

तेवढ्यात हिरालाल आला. हातात पेढ्यांचा पुडा होता, डोळ्यांवर चष्मा होता, आणि त्याच्यामागं पांढरा फेटा बांधलेले लामत्याचे महागूजी होते. बालाघाटच्या सकाळच्या गाडीनं आले होते.

"वहिनीबाई, तोंड गोड करा," महागूजी खाटेवर बसत म्हणाले. "गुरुजीले भेटूनच येऊन राह्यलो. आमच्या घरात पयली मिडिलवाली सून! पोरगा मास्तर हाये, त्याले अडाणी चालत नाही. चिठ्ठीत साफ लिवलतं मी, फॉर्म भरला तं अक्षय तृतीयेले लगन, नाही तं आपला राम राम."

लीलानं नवऱ्याकडं पाहिलं. हिरालाल पुड्याची सुतळी सोडत होता.

"तुले आधी सांगतलं असतं, तं रडत बसली असती," तो म्हणाला. "तुले सांगू नको म्हणून पोरीले शप्पथ घातलती."

लीला आत गेली. मैना चुलीतली राख काडीनं उकरत होती. वहीच्या पानाचा एक जळका कोपरा वर आला होता.

"आई," ती राखेकडं पाहत हळूच म्हणाली, "वैनगंगा नर्मदेले मिळते, असं मी काय उगाच लिवलतं?"