बहिणींचं दुकान

दोघी बहिणींनी मिळून कपडे शिवायचं दुकान थाटलं, तेव्हा पाटीवर हौसेनं इंग्रजीत ‘सिस्टर्स शॉप’ रंगवून घेतलं होतं. आता धाकटी अंथरुणाला खिळली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

“ताई, पेंटरला बोलाव. सिस्टर्सच्या शेवटी, एसनंतर, वर जे स्वल्पविरामासारखं चिन्ह आहे ना, ते एसच्या आधी घ्यायला सांग.”

“त्यानं काय होतं?”

“आपल्याकडे अनुस्वार गेला की होतं तेच. बहिणींचं दुकान बहिणीचं होतं.”

“अभद्र बोलू नकोस!”

“मी गेल्यावर तुझ्याच्यानं होणार नाही गं. म्हणून आत्ता सांगतेय.”

ताईला तिचा शब्द मोडवेना. दुसऱ्या दिवशी तिनं शिडी धरली आणि पेंटरनं चिन्ह खरवडून काढलं. नवीन काढायला त्यानं ब्रश रंगात बुडवला, तशी ती म्हणाली, “राहू द्या.”

घरी येताच धाकटीनं विचारलं, “झालं?”

“पुसलं. दुसरं काढू दिलं नाही.”

“वेडाबाई, मग नुसतंच ‘बहिणी’ राहिलं की! दुकान कोणाचं, ते कसं कळणार?”

“कोणाचं का असेना,” ताई म्हणाली आणि तिच्या उशाशी मटकन खाली बसली.