मागल्या भिंतीच्या क्लिपा

"आतून नको बाबा, बाहेरूनच ने," केशरबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

कल्याणनं हातातलं ड्रिल खाली ठेवलं. इंटरनेट पुढच्या हॉलमध्ये होतं आणि ते हवं होतं मागच्या खोलीत. मधल्या दोन भिंतींना भोकं पाडली असती तर अर्ध्या तासाचं काम. पण म्हातारीला आतल्या रंगाला धक्का लागू द्यायचा नव्हता. म्हणजे वायर खिडकीतून बाहेर काढा, घराला वळसा घाला, दर वितीवर क्लिप ठोका आणि मागून आत घ्या. दोन वाजून गेले होते. तीन तास कुठं गेले नाहीत.

"आजी, लई फेरा पडतो."

"पडू दे. नातीचं सगळं काम त्याच्यावर हाय. तुला घाई हाय का?"

"न्हाई, घाई कशाची," कल्याण म्हणाला आणि बूट पुढच्या पायरीवर ठेवून अनवाणीच शिडी चढला.

घाई कशी नसेल! पाच वाजता त्याला मुलगी पाहायला जायचं होतं, इथंच मंठ्यात. त्याची तिशी उलटली होती. आधीच्या चार ठिकाणी नकार आला होता. वायरी ओढणाऱ्याला पोरगी द्यायची कशी, असं एकानं तोंडावर सांगितलं होतं. हे पाचवं स्थळ काकासाहेब मामानं जमवलं होतं. पत्ता विचारला तर मामा म्हणाला, "तुला काय करायचाय पत्ता? काम उरकलं की फोन कर, मी घ्यायला येतो." आई मामाबरोबर गावाकडून जीपनं परस्पर येणार होती.

झुंबरबाई, म्हणजे त्याची आई, पहाटेपासून ठेवणीतली साडी काढून बसली होती. सकाळी तो घरून निघताना नेमका तिच्या चपलेचा अंगठा तुटला. गावात चांभार नाही. कल्याणनं पिशवीतला वायरीचा तुकडा सोलला, आतल्या नारिंगी आणि पांढऱ्या तारांचा पीळ बाहेर ओढला आणि त्यानं अंगठा घट्ट बांधून दिला.

"पोरीच्या दारात अशा चपला घालून जाऊ?"

"चपलांकडं कोण पाह्यतंय, आई!"

पुढची भिंत त्यानं मन लावून केली. वायर अशी सरळ बसली की बघत राहावं. कोपऱ्यावर तिला हलका बाक दिला, कुठं ताण ठेवला नाही. मात्र म्हातारी पाठ सोडेना. तो ज्या खिडकीपाशी जाईल, त्या खिडकीत ती हजर.

"गाव कोणतं तुझं? घरी कोण कोण हाय?"

"आई हाय फक्त."

"तंबाखू खातो का?"

"न्हाई."

"भिंतीवर थुंकत्यात लोकं, म्हणून इचारलं."

बाजूची भिंत संपेपर्यंत साडेचार झाले. कल्याण शिडीवरून उतरला. त्यानं मामाला फोन लावला.

"मामा, उशीर होऊन राह्यला. म्हातारी सोडंना."

"जल्दी करू नको," मामा म्हणाला. "काम बराबर कर. बिलकुल मन लावून कर."

कल्याण फोनकडं बघतच राहिला. ज्या मामानं जन्मात 'जल्दी कर' याखेरीज कुणाला काही सांगितलं नव्हतं, तो हे सांगत होता! पण विचार करायला वेळ कुणाला होता.

मागची बाजू अडगळीची. धुण्याचा दगड, रिकामी पिंपं, भिंतीवरून उतरलेला सांडपाण्याचा पाइप. नातीच्या खोलीची खिडकी याच बाजूला होती, पण पडदा ओढलेला. तेवढ्यात पुढच्या दारी एक गाडी थांबली, दारं आपटली, माणसं आत गेली. बरं झालं, त्याला वाटलं, म्हातारी आता पाहुण्यांत अडकेल.

पाचला दहा कमी. त्यानं सुरुवातीला दोन क्लिपा मारल्या, शेवटाला दोन मारल्या. मधली वीस फूट वायर पाइपावर तशीच लोंबत टाकली. असं काम त्यानं आजवर कधी केलं नव्हतं, आणि मनाला ते लागलंही. उद्या येऊन ठोकू, त्यानं स्वतःला सांगितलं. तो उद्या कधी उगवत नसतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं. खिडकीचा पडदा जरासा हलला. वारा असेल.

वायर आत घेऊन जॅक बसवला. हिरवा दिवा लागला. मागच्या दारात केशरबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"झालं?"

"झालं आजी. चालू करून बघितलं."

"मागल्या अंगाला कोणी फिरकत न्हाई. तिथंबी क्लिपा बराबर मारल्या ना?"

"एकूण एक मारल्यात."

केशरबाईंनी तांब्या पुढं केला. "बस मंग जरा. पोहे होऊन राह्यलेत. पाहुणे आल्यात, त्यांच्यासंगं तूबी खा."

पोहे! आता ही म्हातारी तासभर बसवणार. आणि घाईत जे तोंडात आलं ते तो बोलून गेला.

"न्हाई आजी, थांबता येणार न्हाई. आईला जालन्याला दवाखान्यात ठेवलंय. लई सिरियस हाय."

"तुझ्या आईला?"

"हो. सकाळीच नेलं."

आतल्या खोलीत कुणाच्या तरी हातातला चमचा खाली पडला. केशरबाईंनी तांब्या परत घेतला.

"मंग जा बाबा," त्या म्हणाल्या. "पुढून जा."

सुटलो एकदाचा! कल्याणनं पिशवी खांद्याला लावली आणि घराला वळसा घालून धावत पुढं आला. धावताधावताच त्यानं मामाला फोन लावला. रिंग जात होती, मामा उचलत नव्हता. पायरीवर पाहुण्यांच्या चपलांची गर्दी झाली होती. आपले बूट शोधायला तो वाकला. बुटांना खेटूनच बायकांच्या चपलांचा एक जोड होता, आणि त्यातल्या उजव्या चपलेचा अंगठा नारिंगी-पांढऱ्या तारांच्या पिळानं घट्ट बांधलेला होता.