राणीचा चुडा

साबण लावून झाला, खोबरेल चोळून झालं, तरी यमाजीच्या मनगटातल्या हिरव्या बांगड्या काही निघेनात. हात सुजून टम्म झाला होता.

"फोडू का?" हिराबाईने विचारलं.

"खुळी झालीस काय गो? चुडा हाय तुझा. मी जिता हाय ना अजून?"

गावच्या जत्रेतल्या नाटकात बायका स्टेजवर चढत नसत. बारा वर्षं राणी व्हायचा तो यमाजीच, बायकोचं लुगडं नेसून, तिचाच चुडा भरून. त्याला वाचन जड, म्हणून राणीची भाषणं हिराबाई चुलीपुढे बसून घोकून घ्यायची. "राज्य मागून मिळत नाही, ते घ्यावं लागतं!" काल या वाक्याला काय शिट्ट्या पडल्या! शेवटी राणीने विष घेतलं आणि गाव समाधानाने घरी गेलं.

सरपंचपद बायकांना राखीव झालं तेव्हा यमाजीनेच तिला उभी केली होती. सही तिची, कारभार आपला, असा त्याचा बेत. पण ही बया खरंच खुर्चीत बसली! नळ तिने आधी गावाबाहेरच्या वाडीला नेला, कारण तिथल्या बायका ओढ्याचं गढूळ पाणी डोक्यावरून आणायच्या. झालं, गावाचं पित्त खवळलं. आज दुपारी तिच्यावर अविश्वासाचा ठराव होता. नऊ सदस्यांत सहा हात वर झाले की खुर्ची गेली.

"पाच तर जातीलच," हिराबाई निघताना म्हणाली. "पण तुमी हाव ना?"

"तर! घरचा हात कुठं जातो?" मेंबर यमाजीने सदऱ्याची बाही बांगड्यांवर ओढून घेतली.

शहापूरहून आलेल्या साहेबांनी ठराव वाचला. पाच हात वर गेले. हिराबाई निर्धास्त बसली होती. तेवढ्यात मागे बांगड्या किणकिणल्या. स्वतःच्या चुड्याचा आवाज तिला ओळखू येणार नाही, असं कसं होईल?

बाही कोपरापर्यंत घसरली होती. यमाजी खाली बघत पुटपुटला, "नाटकात ठीक हाय गो. घरात राणी नाय परवडत."

हिराबाई उठली. त्याचा वर गेलेला हात तिने दोन्ही हातांनी धरला आणि टेबलाच्या कडेवर आपटला. पुन्हा आपटला. एकही बांगडी शाबूत ठेवली नाही.

"सहा हात लिवा, साहेब," ती म्हणाली. "नि सरपंचीण आज रांडावली, ते पण लिवा."