बोक्याला समजावण्याची रीत

“बोक्याला कापायचं नसतं, समजवायचं असतं,” टेलरच्या गालावर फेस चोळत सलूनवाला म्हणाला. “आमचा सुभेदार बघ.”

सुभेदार आरशाखालच्या फळीवर, पावडरच्या डब्याला टेकून पसरला होता. एके काळी हाच गल्लीभर मारामाऱ्या करत हिंडायचा. दिवसचे दिवस गायब असायचा, परतला की सोफ्यापाशी शेपूट उंचावून आपली हद्द आखायचा. घरभर तो वास! आता ना भांडण, ना वास. वेळेवर जेवण आणि दुपारची झोप.

“केलंस तरी काय?” टेलरनं विचारलं.

“समोर बसवलं. म्हटलं, बाबा, वय झालं, आता अब्रूनं राहा. ऐकलं त्यानं.”

मागच्या दारात टॉवेल पिळणाऱ्या सलूनवाल्याच्या बायकोनं टॉवेल जरा जास्तच पिळला. हे भाषण ती वर्षभर ऐकत होती. नवरा भावाकडे मुक्कामाला गेला, तेव्हा तिनंच सुभेदाराला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं होतं. सकाळी नेला, संध्याकाळी घरी. नवऱ्यापाशी विषय काढायची सोयच नव्हती. एकदा काढला, तर “पुरुषाच्या जातीवर अन्याय आहे हा!” म्हणत तो भरल्या ताटावरून उठला होता. म्हणून ती गप्प राहिली. फुशारकी मारतोय तर मारू दे, बोका तर वाचला.

पण आज गोष्ट टेलरच्या बोक्याची, गुंड्याची होती. कालच्या मारामारीत त्याचा डोळा थोडक्यात बचावला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, ऑपरेशन करून टाका, नाहीतर एखाद्या दिवशी जिवानिशी जाईल. टेलरची बायको केव्हाची तयार होती. टेलर अडून बसला होता.

“मग ठरलं,” टेलर हनुवटी पुसत उठला. “मीही बसवतो त्याला समोर.” आणि खुशीत घरी निघाला.

तिनं टॉवेल बादलीत टाकला.

“अहो, हाक मारा त्यांना. सुभेदार तुमच्या भाषणानं नाही सुधारला. मी त्याचं ऑपरेशन करून आणलंय. माझ्यावर काय रागवायचं ते रागवा, पण तुमच्या बढाईपायी त्या मुक्या जिवाचा बळी नको.”

सलूनवाल्यानं वस्तरा पुसला. मग सुभेदाराच्या मानेवर हळूच बोट फिरवलं.

“त्याच्या पुढच्या पायावर सुईसाठी दोन बोटं जागा भादरलेली होती. जन्मभर लोकांच्या डोक्यावर मशीन फिरवतोय मी. मला कळणार नाही?”

तिनं ओले हात पदराला पुसले. “मग बोलला का नाहीत?”

“काय बोलणार? माझ्याच्यानं त्याला तिथं नेववलं नसतं. तू परस्पर उरकलंस, मी सुटलो.”

“आणि टेलरभावजींना कशाला भरीस घातलंत?”

“सरळ सांगून ऐकणारा आहे का तो? मी तरी कुठं ऐकलं होतं? आता गुंड्या सुधारला की त्याला वाटेल, आपल्याच भाषणानं सुधारला.” आता तो गालात हसत होता. “आज रात्री गुंड्याला उपाशी ठेवायला सांग वहिनींना. उद्या सकाळी टेलरला मी कटिंगला बसवतो, वर डोक्याला मालिश. तो घोरायला लागला की तुम्ही दोघी बोका घेऊन दवाखान्याकडे सुटा.”