ट्रायलला मागे कोणी नसतं

"चाळीस किलोमीटर चालवली, साहेब. एकदाही बंद पडली नाही," सर्विस ॲडव्हायझर म्हणाला आणि त्याने जॉबकार्ड जावयापुढे सरकवलं. कार्डावर तिसऱ्यांदा तेच लिहिलं होतं: दोष आढळला नाही. खाली सहीसाठी रेघ. सही झाली की तक्रार बंद.

गाडी चार महिन्यांची. मागच्या आठवड्यात ती भर पुलावर बंद पडली होती आणि मागचा टँकर हातभर अंतरावर कसाबसा थांबला होता. गाडीत जावई आणि सासू. सासूला आठवड्यातून तीनदा पायाच्या उपचाराला न्यावं लागे. आज दुपारीही न्यायचं होतं, याच गाडीतून.

जावयाने पेन उचललं.

"थांबा," बाकावरून सासू म्हणाली. "चालवली तेव्हा मागे कोण बसलं होतं?"

"कोणी नाही, मावशी. ट्रायलला चालवणारा एकटाच असतो."

"मग कशी पडेल बंद? मी बसले की पडते ती."

ॲडव्हायझर हसला. जावयालाही हसू आवरेना. "घरी आम्ही हेच म्हणतो. आई बसल्या की गाडीच्या पोटात दुखतं."

"तुमची चेष्टा होते, जावईबापू. पण तिन्ही वेळा मी आत होते. मी नसताना एकदा तरी पडली का? आठवून सांगा."

जावई आठवू लागला. त्याचं हसू गेलं.

"मला बसवून चालवा," सासू म्हणाली.

"ट्रायलला गिऱ्हाईक नेता येत नाही, मावशी. नियम आहे."

"मग सही मिळणार नाही. हा आमचा नियम."

फोरमन दारात हात पुसत उभा होता. केस पिकलेला, कमी बोलणारा माणूस. "बसू द्या त्यांना," तो म्हणाला. "मी चालवतो." मग ॲडव्हायझरकडे वळून, "साहेब, तुम्हीपण चला."

तिचा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. नेहमीसारखी ती डाव्या दाराला पाठ टेकून, पाय सीटवर लांब करून आडवी बसली. मागे दुसऱ्याला जागाच उरली नाही. जावई फाटकापाशी थांबला.

पहिले दोन-तीन किलोमीटर काही झालं नाही. ॲडव्हायझरचं दोनदा घड्याळ बघून झालं. "बघा मावशी, लोण्यासारखी चालतेय."

दारावरची मूठ तिने घट्ट धरली होती. मोठा रस्ता लागला. फोरमनने वेग वाढवला. मागून एक ट्रक येत होता. रस्त्यावर एक उंचवटा आला, गाडी उसळली, सासू सीटवर आदळली आणि इंजिनाचा आवाज गेला.

समोरचे सगळे लाल दिवे लागले. फोरमन किल्ली फिरवत होता, इंजिन धरत नव्हतं.

"चालू करा! अहो, चालू करा ना!" ॲडव्हायझर ओरडला. त्याने मान वळवली. मागच्या काचेत आता ट्रकच होता. हॉर्न थांबत नव्हता. जड झालेलं स्टिअरिंग फोरमनने दोन्ही हातांनी ओढून गाडी कडेला घातली. ट्रक इतक्या जवळून गेला की उजवा आरसा मिटला.

मग मागून सासूचा आवाज आला.

"आता काय लिहिणार?"

फोरमनने तिला आधार देऊन उतरवलं आणि किल्ली फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं. त्याने मागच्या सीटची गादी उचलली आणि वाकून बघितलं.

"ही पेट्रोलच्या पंपाची वायर. सीटच्या लोखंडाखाली आलीय. इथे कोपऱ्यात वजन पडलं की चेपते, की पंप बंद." त्याने वायर बोटावर घेऊन दाखवली. वरचं आवरण सोलून निघालं होतं. "एकट्याने हजार किलोमीटर चालवली असती तरी कळलं नसतं."

"अशी या एकाच गाडीत आहे?" तिने विचारलं.

फोरमनने ॲडव्हायझरकडे बघितलं. ॲडव्हायझर रस्त्याकडे बघत राहिला.

फोरमनने वायर बाजूला ओढून चिकटपट्टी गुंडाळली. परत येताना तिला पुढे बसवलं, सीट पार मागे सरकवून. अर्ध्या तासात नवी वायर पडली. ॲडव्हायझरने नवं कार्ड आणलं. त्यावर लिहिलं होतं: किरकोळ जुळणी केली.

"साहेब, यावर सही करा. आणि मावशी, बाहेर बोलू नका हं. लोक उगाच घाबरतात."

शोरूमच्या पुढच्या बाजूने टाळ्या ऐकू आल्या. तिथे तशीच नवी गाडी उभी होती, फक्त रंग वेगळा. एक कुटुंब किल्ली हातात घेऊन फोटो काढत होतं. फोटो झाल्यावर मुलाने म्हाताऱ्या आईला हात दिला आणि मागे, डाव्या बाजूला बसवलं. दार लागलं.

सासू उठली. पाय ओढत निघाली.

"साहेब, अहो, त्यांना थांबवा," ॲडव्हायझर हळू आवाजात म्हणाला.

जावयाने सही न करता पेन ॲडव्हायझरच्या खिशाला लावलं आणि तो तसाच उभा राहिला.

गाडी सुरू झाली होती. सासूने काचेवर बोटाने टकटक केलं. आतल्या म्हातारीला वाटलं, कोणी अभिनंदन करायला आलं. तिने हसत काच खाली केली.

"उतरा," सासू म्हणाली. "आधी उतरा, मग सांगते."